डाव्या बाजूचा सेन्सर

नवा सेन्सर बसला, इंजीन सुरू झालं, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही विझेना. गॅरेजच्या मास्तरांनी दोनदा किल्ली फिरवून पाहिली. पिकअपचा मालक फर्निचरवाला होता. दुपारी त्याला तीन कपाटं पोचवायची होती, त्यामुळे त्याची आपली चुळबुळ चालली होती. मास्तरांची मुलगी हातातल्या, गाडीचा दोष दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्याकडे बघत होती. तिथेही मघाचाच दोष जसाच्या तसा.

"म्हणजे सेन्सर खराब नव्हताच?" फर्निचरवाल्याने विचारलं.

"नव्हता कसा? मी स्वतः वास घेऊन सांगितलंय," मास्तर म्हणाले.

यावर कोण काय बोलणार! मास्तरांच्या नाकाची ख्यातीच तशी. सायलेन्सरपाशी उकिडवे बसायचे, चष्मा काढायचे, डोळे मिटायचे आणि धुराच्या वासावरून इंजीन पेट्रोल जास्त पितंय की कमी, ते सांगायचे. लोक लांबलांबून गाड्या आणायचे त्या या नाकासाठी. मुलीने मशीन घेतलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "आण बापडं. राहील तेही एका कोपऱ्यात."

गॅरेजचा नियम ठरलेला होता. आधी मुलीने मशीन लावून दोष सांगायचा. मग मास्तरांनी वास घ्यायचा. दोन्ही जुळलं, तरच पाना उचलायचा. हा क्रम मास्तरांनीच लावून दिला होता, पोरीची परीक्षा व्हावी म्हणून. दोन वर्षांत एकदाही दोघांचं वेगळं निघालं नव्हतं. तरी गिऱ्हाइकासमोर त्यांचं पालुपद तेच, "हुशार आहे हो, पण अजून कच्ची आहे."

तिला एका मोठ्या वर्कशॉपमधून नोकरीचं बोलावणं आलं होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बाबांनी एक तरी गाडी तिच्या एकटीच्या हवाली केली असती, तर ती इथेच राहणार होती. सकाळी तिने तसं स्पष्ट विचारलंही. "बघू," मास्तर म्हणाले, "एवढी कसली घाई लागलीय तुला?"

ही पिकअप जुनी. दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि दोन्हीकडे एकेक ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सेन्सर इंजिनाला कळवतो. तो चुकीचं कळवायला लागला, की इंजीन भसाभसा पेट्रोल ओढतं. मशीनने दोष दाखवला तो 'बाजू एक'चा. बाजू एक म्हणजे डावी, असं तिने सांगितलं. मास्तरांनी दोन्हीकडचा वास घेतला, चांगली पाच मिनिटं घेतली, आणि मान डोलावली. "डावाच." मग तो गंजलेला सेन्सर काढता काढता बापलेकीच्या नाकी नऊ आले.

आता तिने एक साधी गोष्ट केली. खरं तर ती मघाशीच करायला हवी होती. बॉनेटखाली वाकून तिने उजव्या सेन्सरची वायर सोडवली. पडद्यावरची 'बाजू एक'ची रेघ गायब झाली.

"अगं बाई!" ती म्हणाली.

या इंजिनात बाजूंची मोजणी उजवीकडून सुरू होत होती. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गाड्यांत ती डावीकडून व्हायची, म्हणून तिने न बघताच ठोकून दिलं होतं.

"चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मी बाजू उलटी सांगितली. खराब आहे तो उजवा. आपण काढला तो चांगला होता."

 झालं, कच्चीच ठरलो आपण. बाबा आता परक्या माणसासमोर झापणार, आणि झापलं तर चुकलं कुठे? ती मान खाली घालून उभी राहिली. मास्तर काढलेला सेन्सर हातात उलटसुलट करत राहिले.

बोलला तो फर्निचरवाला. "अहो ताई, तुमची बाजू उलटी झाली ते समजलं. पण काकांनीही वास घेऊन डावाच सांगितला ना?"

तिने वर पाहिलं. मग गाडीच्या मागे जाऊन ती उकिडवी बसली. डावीकडे नेहमीचा धूर. उजवीकडे कच्च्या पेट्रोलचा असा भपकारा आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हा वास फर्निचरवाल्यालाही कळला असता. तिने आजवर कधी वास घेऊन पाहिलाच नव्हता. ते खातं बाबांचं.

"त्यांना सर्दी झालीय," उठत तिने सांगून टाकलं.

"सर्दीबिर्दी काही नाही," मास्तर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, त्यात वास गेला. परत आलाच नाही." आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तिला संताप आला. याच माणसाच्या एका होकारासाठी ती दोन वर्षं झुरत होती. आणि वाईटही वाटलं, इतकं की बाबांच्या तोंडाकडे बघवेना. फर्निचरवाला शहाणा निघाला. फोन आल्यासारखं करून तो रस्त्यावर गेला.

मास्तरांनी पाना उचलला, ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले आणि थांबले.

"उजवाच ना गं?" त्यांनी विचारलं. "काढू?"

बाबा आपल्याला विचारून काम करतायत, ही पहिलीच वेळ, असं तिच्या मनात आलं. मग तिच्या लक्षात आलं, दोन वर्षं ते रोज तिलाच विचारत होते.