कढणातले मूग

"चौमासात अळंबी उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई. मटणावानी लागती ती," लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं.

यंदा श्रावणात हिवतापाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. घास गिळवेना. इथंच खंडाळ्यात साहेबाच्या बंगल्यावर कामाला जाणारी शेजारची खुर्शीदा मावशी एकदा पदराखाली पांढरीशुभ्र अळंबी घेऊन आली. बंगल्यामागच्या आंब्याच्या ओंडक्यावर उगवली होती. "वाटून घाल गं. लय ताकद असती हिच्यात, तोंडालाबी चव येती."

मग ती रोज आणत गेली आणि मी मुगाच्या कढणात वाटून घालत गेले. त्या लबाडीपायी देवापुढे रोजच्या नेमापेक्षा एक माळ जास्त ओढायची. सासूबाई वाटी चाटूनपुसून म्हणायच्या, "मूग बेस हायेत यंदाचे."

आज सकाळी त्या आपल्या पायांनी तुळशीपर्यंत गेल्या, आणि तिथूनच हळदीकुंकवाचं तबक घेऊन हळूच बाहेर निघाल्या.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"पायावर हुबी ऱ्हायले तर पूजा करीन, असं बोलले होते," त्या चपला शोधत म्हणाल्या.

 

"कुणाची?"

"तुजे मूग ज्या ओंडक्यावर उगवत्यात, त्याची."