फिलोमीझची पायरी

“थांबा! घमेलं वर देऊ नका!”

फिलोमीझ शिडीवरून ओरडली आणि ढोल बंद पडला. घर बांधायला मदतीला जमलेली सगळी इर्जिक जागच्या जागी थबकली. सकाळीच बोलावणीचा शंख फुंकला होता. डोंगरापलीकडची माणसंसुद्धा आली होती. खाली बीमसाठी काँक्रीट कालवून तयार, चुलीवर राजमा-भात रटरटतोय, आणि ही बाई म्हणते थांबा!

“आता काय झालं?” भिंतीवर बसलेल्या बापानं विचारलं. बापच गवंडी होता. गवंड्याला त्या गावात बॉस म्हणतात, आणि दोरेलस म्हणजे बॉसांचा बॉस. अर्धं गाव त्यानं उभं केलेलं. तिथं कुणाच्याही दारात गेलं की बाहेरून ‘ओने’ म्हणायचं, म्हणजे मान. आतून ‘रेस्पे’ आलं, म्हणजे आदर, की मगच पाऊल आत टाकायचं. शेंबडी पोरंसुद्धा हे चुकत नाहीत. दोरेलस मात्र डोक्यावरची टोपीही न काढता सरळ आत घुसायचा. “भिंत मी घातली, आणि आत जायला मीच विचारू? हॅट!”

“पापा, सळयांभोवतीच्या या रिंगा बघा,” फिलोमीझ म्हणाली. “टोकं आत वळवलेलीच नाहीत. हादरा बसला की उघडतील आणि सळया मोकळ्या होतील.”

“तू पाळण्यात होतीस तेव्हापासून अशाच बांधतोय मी.”

“तेच तर म्हणतेय.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दोरेलसचे कान लाल झाले. “माल घट्ट होतोय, पोरी. उतर खाली आणि भाताकडे बघ. करपेल.”

पेरणी तोंडावर होती. आज परत गेलेली माणसं पुन्हा येतील याचा काय भरवसा? भूकंपापासून तिच्या दोन्ही मुली ताडपत्रीखाली झोपत होत्या आणि वादळांचे दिवस जवळ आले होते. पण उद्या त्या झोपणार होत्या ते याच बीमखाली.

“त्या इंजिनिअरबाईला फोन लावा,” ढोलवाला सोविल म्हणाला. “ती सांगेल तसं करू.”

रिंगा कशा वळवायच्या ते घराचा नकाशा काढून देणाऱ्या त्या इंजिनिअरबाईनंच फिलोमीझला शिकवलं होतं. खोल्या किती, दार कुठं, खिडकी कुठं, हे मात्र सगळं तिलाच विचारलं होतं. वर बजावलं होतं, “मी सल्ला देईन. ठरवायचं तू.”

“फोन कशाला?” फिलोमीझ म्हणाली. “घर माझं आहे.”

“तुझं?” दोरेलस उसळला. “एकेक ब्लॉक मी लावलाय यात! मी बांधलं ते माझं!”

“ज्या घराखाली आई गेली ते तुमचं होतं, पापा. हे माझं आहे.”

दोरेलस भिंतीवरून उतरला, थापी मातीत टाकली आणि नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला.

असं बोलायला नको होतं, असं तिला वाटलं. आणि बोलले ते बरं झालं, असंही वाटलं.

“कालवलेल्याचं काय करू?” सोविलनं हळूच विचारलं.

“दारापुढं ओता. पायरी करू.”

तिनं बापाची थापी उचलली. पायरी तिनं स्वतःच सारखी केली. मग सगळ्यांना जेवायला वाढलं. “काम नाही आणि पोटभर जेवण!” सोविल बोटं चाटत म्हणाला. “शनिवारी पुन्हा शंख फुंक, बाई. अशी इर्जिक कोण सोडेल?”

पुढं आठवडाभर फिलोमीझ शिडीवर बसून रिंगा वळवत होती. हाताला फोड आले. दोरेलस झाडाखालून बघायचा. बोलायचा मात्र नाही. एकदाच त्याला राहवलं नाही. “अगं, कोपर वर घे! सळईला गोंजारतेस काय?” तिनं कोपर वर घेतलं. पुढची रिंग झटक्यात वळली.

शनिवारी शंख वाजला आणि माणसं आली, मागच्यापेक्षा जास्तच. बाप तेवढा आला नाही. बीम ओतला. महिन्याभरानं वर पत्रे चढले, दार बसलं. दाराला फिलोमीझनं निळा रंग दिला. गावात एवढं निळं दार कुणाचंच नव्हतं.

घरात राहायला गेले त्या दिवशी तिनं भोपळ्याचं सूप केलं. शेजारीपाजारी सगळे आत बसले होते. मुली या खोलीतून त्या खोलीत नुसत्या पळत होत्या. भिंतीवर हात ठेवून ती उभी राहिली. मी बांधलं हे, ती मनाशी म्हणाली. तिनं एक वाडगा भरून बाजूला ठेवला आणि दार उघडंच सोडलं. आलाच म्हातारा, तर नेहमीसारखा तरातरा आत येईल.

“ओने!”

बाहेरून हाक आली आणि सगळ्यांचे चमचे थांबले. तो आवाज न ओळखणारं गावात कुणीच नव्हतं. पण त्या तोंडून तो शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

दोरेलस पायरीवर उभा होता. टोपी हातात होती.

“ओने म्हणतोय ना! अगं, आत कुणी आहे की नाही? म्हातारा उन्हात उभाय!”

फिलोमीझनं पळी खाली ठेवली, डोळे पुसले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रेस्पे, पापा! या, आत या.”