काकूंच्या बाजूचं दार

या, जवळ सरकून बसा. गॅरेजमधलं छोटंसं आख्यान सांगतो. एक काका धडकलेली जुनी गाडी घेऊन आले, पैसे ब्रेकपुरतेच होते. काकूंच्या बाजूचं दार आतून उघडेना, ते तसंच राहिलं. दरवेळी काका गुडघे धरत गाडीला वळसा घालायचे, बाहेरून दार उघडायचे. "उतरा महाराणी, ड्रायव्हर दमलाय." "दमलाय कसला, गाडीसारखाच कुरकुरतोय," काकू म्हणायच्या. पुढे काका वारले. काल त्यांच्या मुलानं गाडी आणली. मी भंगारातलं हँडल बसवलं. काकूंना बसवून तो चक्कर मारून आला. "आई, आता आतून उघडतं, ओढ की." काकूंनी हँडलला हात लावला, परत मांडीवर ठेवला. दिवसभराच्या कामानं माझे पाय भरून आलेले. तरी वळसा घालून दार उघडलं. "दमलास ना रे?" काकू म्हणाल्या. कुणासाठी दार उघडाल, तेव्हा काकांची आठवण ठेवा.