रोज तीनला येणारा

"वहिनी, तुम्ही रोज दुपारी तीनला परदेशात असता का?"

फायरवॉलवाल्याने हसत हसत विचारलं आणि तिच्या चिमट्यातली मेणाची दाढ निसटून टेबलाखाली गेली. ती शोधायला ती वाकली, आणि शोधायला लागतो त्याहून जास्त वेळ वाकूनच राहिली.

"म्हणजे काय?" वर न बघता तिने विचारलं.

"तुमच्या नावाचा लॉगिन आहे ना, घरून कॅमेरा बघायचा. रोज तीनला कुणीतरी त्यावरून आत येतं, अर्धा तास थांबतं, जातं. आणि येतं ते सात समुद्र ओलांडून."

नवरा-बायकोची ही दात बनवायची छोटीशी लॅब. दंतवैद्य रुग्णांच्या जबड्यांचे स्कॅन इंटरनेटवरून पाठवत आणि इथे त्याबरहुकूम दात तयार होत. कुणाच्या जबड्याची माहिती भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून इंटरनेटच्या तारेवर एक पांढरी पेटी, म्हणजे फायरवॉल, राखणीला बसवली होती. तिच्यावरच्या सुरक्षा सेवांची मुदत गेल्या वर्षीच संपली. तेव्हापासून पेटी होती, पण पहाऱ्यावर डुलक्या काढत होती. नवऱ्याच्या चालढकलीवर एरवी तोंडसुख घेणारी ती, याबाबतीत मात्र अवाक्षर काढत नसे. आज सकाळी त्यालाच अचानक जाग आली आणि त्याने फोन करून हा माणूस बोलावला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

तीन वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला होता, मी लोकांच्या दातांत आयुष्य घालवणार नाही. बाप म्हणाला, मग पुन्हा तोंड दाखवू नकोस. दोघांनीही शब्द पाळला. मुलाचा फोन येई तो बाप आंघोळीला गेल्यावर, तिच्याशीच. एकदा त्याने विचारलं, "बाबा कसे दिसतात गं आता?" तिला सांगता येईना. मग तिने आपला पासवर्डच सांगून टाकला. "बघ बाबा तूच. नुसतं बघ."

दात कोरणाऱ्या यंत्रावर नजर ठेवायला तो कॅमेरा लावलेला होता. पण नवऱ्याने उजेडासाठी म्हणून आपलं टेबल सरकवलं, तेव्हापासून त्यात यंत्रापेक्षा तोच जास्त दिसे. हल्ली तर तो जेवणानंतर दाढी करून कामाला बसायचा. डॉक्टर लोक येतात, बरं दिसत नाही, म्हणायचा. येत होता महिन्यातून एखादा डॉक्टर. तयार दात पोचवायलाही दर गुरुवारी आता स्वतःच जायचा. डोळे थकले म्हणून दातांचे रंग जुळवायचं काम त्याने तिच्या गळ्यात घातलं होतं.

"भाऊ, चहा टाकते. हे नंतर बघू," ती म्हणाली.

"चहा नको वहिनी. नवीन सेवा चालू केली की परदेशातून येणारं सगळं आपोआप बंद. एक बटण दाबायचं, बस. दादा, दाबू ना?"

नवरा आपल्या टेबलाशी एका दातावर ब्रश फिरवत होता. त्याने मान वर केली नाही. "दाबा. त्यासाठीच बोलावलंय."

"अहो, घाई कशाला?" तिचा आवाज चढला. "यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बघत असेल. नंतर काही अडलं तर?"

"कंपनीच्या माणसाला रोज अर्धा तास माझं तोंड बघायची हौस आहे होय?"

फायरवॉलवाला हसला. ती हसली नाही. सात मिनिटं उरली होती. तिकडे तो उठला असेल, तोंडही न धुता संगणक उघडून बसला असेल. उद्या तिने त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या बापाने एवढंही ठेवलं नाही म्हणून?

"थांबा!" ती उठून पेटीपुढे आडवी उभी राहिली. "मी दिलाय पासवर्ड. आपला मुलगा आहे तो, चोर नाही. काय नेतो हो तो इथून? बघतोच ना नुसता?"

फायरवॉलवाल्याला एकदम फोन आल्यासारखं झालं आणि तो कानाला मोबाइल लावून बाहेर गेला.

नवऱ्याने ब्रश पाण्यात बुडवला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तूच दिलास ते. पहिल्याच आठवड्यात त्या पेटीचा अहवाल माझ्या मेलवर आला. गेल्या वर्षी मुदत वाढवायच्या वेळी हा फायरवॉलवाला म्हणाला, आता परदेशातलं सगळं बंद करून टाकू. म्हणून मी मुदतच संपू दिली."

ती पेटीपुढून बाजूला झाली. एवढी वर्षं आपण चोरपावलांनी चालत होतो आणि हा माणूस आपल्यासाठी दार उघडं धरून उभा होता!

"कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर रागवावं लागलं असतं."

तिला हसू आलं आणि त्यातच रडूही. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "मग आज का? एवढं सांभाळलंत, मग आजच का बंद करताय?"

मग त्याने चष्मा काढून खाली ठेवला.

"मी इथून दिसतोय तोवर तो यायचा नाही. त्याला फोन लाव, आत्ता, माझ्यासमोर. म्हणावं, बापाने बोलावलंय, मिळेल त्या विमानाने ये. डॉक्टरांनी मला महिन्याच्या वर दिलेलं नाही."