उगमाचा विसर

संगणकाच्या पडद्यावरच्या रंगीत रेषांवर सरांची नजर खिळली होती आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी असलेली त्यांची सर्वांत धाकटी विद्यार्थिनी श्वासदेखील जपून घेत होती. खिडकीच्या कठड्यावर सकाळच्या कॉफीचे उष्टे कप वाळत पडले होते. या प्रयोगशाळेला एकच अलिखित कायदा होता: ज्याचं भाकीत खोटं ठरेल, त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. आजवर सरांचे हात त्या पाण्याला लागले नव्हते.

क्वांटम कणांची एक साखळी. एक टोक तापलेलं, दुसरं गार, आणि मधे प्रत्येकाची प्रत्येकाशी झोंबाझोंबी. ‘साखळी आपला आरंभ, म्हणजे कणांची सुरुवातीची स्थिती, विसरत नाही, जसा आरंभ, तसा उष्णतेचा प्रवाह,’ हे सरांचं जुनं, लाडकं भाकीत. धाकटीच्या गणितात मात्र निरनिराळ्या आरंभांपासून निघालेल्या साऱ्या रेषा काही काळ वेड्यावाकड्या थरथरत आणि मग एकाच उंचीवर येऊन संथ वाहू लागत. आतला कल्लोळ शमत नसे. समतोल येत नसे. तरीही प्रवाह ढळत नसे. उगम विसरलेली नदीच ती. हे चुकलं असेल, तर तिचा प्रबंध पुन्हा पहिल्या पानावर जाणार होता.

“दोन्ही टोकं सारखीच गार ठेवून पाहिलंस?” सरांनी मान न वळवता विचारलं.

“पाहिलं, सर. प्रवाह थांबतो.”

“आणि आरंभ साफ उलटा केला तर?”

“तुम्हीच करून बघा ना.”

दारात कप घेऊन टेकलेला थोरला संशोधक, सगळ्यांचा दादा, हळूच म्हणाला, “धाकटे, बाह्या सरसाव. नळाला आज पाणी झकास आहे.”

सरांनी स्वतःच्या हाताने उलटा आरंभ भरला. नवी रेष शून्याच्याही खाली उगवली, तडफडली, चढली, आणि इतर रेषांत अशी मिसळली की वेगळी ओळखू येईना.

“सर, माझं कुठे चुकलंय का?”

सर उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. कठड्यावरचे कप एकेक करून बोटांत अडकवले, दादाच्या हातातला अर्धा भरलेलाही काढून घेतला, आणि शीळ घालत ते नळाकडे चालू लागले.