थांबलेलं दर्शन

“दर्शन झालं की लगेच पळत सुटू नको. डावीकडच्या खांबापाशी जरा टेक, मग बाहेर पड.”

आईचं हे सांगणं अनुजानं कधी मोडलं नव्हतं. सकाळच्या आरतीला देवळात जायचं, आरती संपली की सभामंडपातल्या त्या खांबाला पाठ लावून क्षणभर बसायचं आणि घरी येऊन मगच चहा घ्यायचा, हा तिचा रोजचा नेम होता. आईचं तेवढं एकच ती अजून पाळत होती.

गडहिंग्लजला आईकडं ती तीन वर्षांत गेली नव्हती. आपला जुना फोन तिनं आईला दिला होता. एकदा व्हिडिओ कॉल लागेना म्हणून आईनं भर मीटिंगमध्ये चार वेळा फोन केला. अनुजा सगळ्यांसमोर म्हणाली, “येत नाही तर हात कशाला लावतेस त्याला?”

त्यानंतर आईचा फोन आला नाही. अनुजानंही केला नाही. आधी राग होता. तो दोन दिवसांत गेला आणि मागं लाज उरली. ती मात्र दर महिन्याला वाढतच गेली.

देवळाच्या आरतीचं थेट प्रक्षेपण घरोघरी नीट पोचतं का, हे मोजायचं काम तिच्या ऑफिसकडं होतं. चित्र किती सेकंदांत सुरू होतं, मध्ये किती वेळा थांबतं, सगळं आकड्यांत यायचं. रोज चारशे बारा जण आरती पाहायचे. चारशे अकरा जणांचं चित्र सुरळीत चालायचं. एकाचं नाही.

यादीत त्याचं ठिकाण पुणं दिसत होतं. फोन सात वर्षांपूर्वीचा. आरती संपेपर्यंत सगळं ठीक असायचं. मग कॅमेरा देवीवरून सभामंडपाकडं फिरला, की थोड्याच वेळात त्याचं चित्र थांबायचं. कधी आठ मिनिटं, कधी बारा.

जुन्या फोनला झेपावं म्हणून सोमवारी रात्री अनुजानं चित्राचा दर्जा थोडा उतरवून ठेवला. मंगळवारी तिला ताप भरला, म्हणून तिनं घरच्या देवघरातच हात जोडले. त्या दिवशी त्या माणसाचं चित्र एकदाही थांबलं नाही. उपाय लागू पडला, असं तिला वाटलं. बुधवारी ती आरती करून ऑफिसला आली तर पुन्हा नऊ मिनिटं.

गुरुवारी अहवाल द्यायचा होता. एक जुना फोन, म्हणून तिनं तो आकडा वगळला आणि लिहिलं, ‘सर्व भाविकांना विनाअडथळा दर्शन.’

शुक्रवारी आरतीनंतर देवळाचे सेक्रेटरी हंबीरराव यांनी ते वाक्य सभामंडपात मोठ्यानं वाचलं.

“ह्याला म्हंत्यात काम. एकाचंबी अडकत न्हाय. पोरगी नेमाची हाय, खोटं लिवायची न्हाय.”

त्यांनी तिच्या हातात प्रसादाचा नारळ ठेवला. अनुजाला देवीकडं बघवेना.

“का गं, जड झाला व्हय नारळ?” हंबीरराव हसले.

“नाही,” ती म्हणाली.

खांबापाशी बसून तिनं डोळे मिटले. ‘तो माणूस कोण ते शोधून काढीन,’ ती मनात देवीला म्हणाली. ‘त्याच्या दारात जाऊन माफी मागीन. तोवर हा नारळ फोडणार नाही.’

ऑफिसात तिनं शेजारच्या टेबलावरच्या विश्वजितला सगळं सांगितलं. सांगताना तिची मान वर होत नव्हती. त्यानं तिची यादी उघडली, खालीवर केली.

“अनुजाताई, हे अडकल्यालं न्हाय. थांबवल्यालं हाय.”

“म्हणजे?”

“नेट गेलं तर चित्र गरगरत बसतंय. हितं कुणीतरी बोटानं दाबलंय. तुमी दोन्ही एकातच मोजलंय की.”

“पण पुण्याहून रोज त्याच वेळेला कोण…”

“मोबाइलच्या नेटचं ठिकाण काय धरताय? मी उचगावात घरात बसून पुण्यात दिसतोय. बायकोला पटंना झालंय.”

अनुजा हसली नाही.

“रोज थांबवून बघत काय असेल तो?”

“रेकॉर्डिंग हाय, सेकंद हायत. लावून बघा की,” विश्वजित म्हणाला आणि चहा आणायला गेला.

तिनं सोमवारचं रेकॉर्डिंग त्या सेकंदाला आणून थांबवलं. मग बुधवारचं. मग गुरुवारचं. मग आजचं, सकाळचं. तीन वर्षांत तिनं कधी आरतीचं चित्र असं पाहिलंच नव्हतं. नुसते आकडे पाहिले होते.

विश्वजित दोन कप घेऊन परत आला तेव्हा ती नारळ पिशवीत ठेवत होती.

“सापडला व्हय माणूस?”

“हो.”

“मग आता कुठं निघालासा?”

“देवीला शब्द दिलाय. दारात जाऊन माफी मागायचीय.”

“त्यासाठी पार पुण्याला?”

“नाही. गडहिंग्लजला,” ती हळूच म्हणाली. पदर सावरून ती जिना उतरली.

चहाचे कप ठेवताना विश्वजितचं लक्ष तिच्या पडद्याकडं गेलं. चित्र अजून थांबलेलंच होतं. डावीकडच्या खांबाला पाठ लावून, मांडीवर नारळ घेऊन, डोळे मिटून अनुजाताई बसल्या होत्या.