मुका जोड

प्रज्ञा नवेकोरे साटीनचे बूट वरवंट्यानं बडवत होती. ते पाहून तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या हातातली आरी गळून पडली. चाळीस वर्षं कोल्हापुरी चपला शिवल्या, पण तयार जोडाची अशी धुलाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"येड लागलं काय गं तुला?"

"आप्पा, उद्या मुंबईत माझा बॅलेचा पहिला कार्यक्रम! चवड्यावरसुद्धा नाही, पार बोटांच्या टोकावर नाचायचं. पण बुटाचं हे टोक कडक आहे, स्टेजवर टकाटका वाजतंय. वाऱ्यावरनं आल्यागत वाटाय पाहिजे. आवाज झाला की खेळ खलास!"

आप्पांना हसू आवरेना. त्यांच्या चपलांचं सगळं नाव त्या करकर आवाजावर होतं. गिऱ्हाईक चार पावलं चालून बघे, आप्पा डोळे मिटून ऐकत, आणि जोड नीट बोलला तरच विकत. आणि त्यांच्याच पोरीला मुका जोड पाहिजे होता!

"आण हिकडं. वरवंट्यानं चटणी वाटत्यात."

त्यांनी बुटात अंगठा फिरवला, आवाज कुठं दडलाय ते हेरलं आणि हातोडीचे बेतानं घाव घालत तो बाहेर काढला. प्रज्ञानं फिती आवळल्या आणि ती दुकानाच्या लाकडी फळीवर चढली. आप्पांनी सवयीनं डोळे मिटून कान टवकारले.

बराच वेळ काहीच वाजलं नाही.

"अगं, नाच की आता," ते वैतागून म्हणाले.

"डोळं उघडा की आप्पा! कवाधरनं नाचायलेय मी!"